वरून कोथिंबीर पेरावी

मराठीत सर्वांत अधिक वेळा छापले गेलेले वाक्य कोणते असेल? एखाद्या अभंगाचा चरण, एखाद्या आरतीचे धृपद असे कोणी म्हणेल. माझा अंदाज निराळा आहे. 'वरून ओले खोबरे व कोथिंबीर पेरावी' हे, किंवा ह्याच अर्थाचे थोडे इकडेतिकडे केलेले वाक्य, त्या मानाला पात्र ठरेल असे मला वाटते. आमटी असो, उसळ असो, पोहे असोत की सुरळीच्या वड्या. कृती संपत आली की हे वाक्य येते, आणि ते आले की वाचणारीने ओळखावे, आता पाने घ्यायला हरकत नाही. श्रावणातल्या कहाणीच्या शेवटी साठा उत्तरांचे पालुपद यावे तसे ते येते. त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. संकेताचे हेच लक्षण असते.

ह्या लेखात मला त्या वाक्याकडे लक्ष द्यायचे आहे.

मी टीकाकार नव्हे. काही कादंबऱ्या लिहिल्या आहेत आणि शाळेत मुलांना शिकवते. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. त्यामुळे टीकेची परिभाषा वापरताना दुसऱ्याच्या घरची भांडी वापरावीत तसा संकोच होतो. पण मग मनात येते, ही परिभाषा तरी आली कुठून? रस, रुची, आस्वाद हे सारे शब्द आमच्याच स्वयंपाकघरातून गेलेले. जुन्या साहित्यशास्त्रात तर काव्याचे द्राक्षापाक आणि नारिकेलपाक असे प्रकारच सांगितले आहेत. तेव्हा मी आपली भांडी परत मागते आहे, एवढेच.

पाककृतीच्या पुस्तकाला आपण वाङ्मय मानीत नाही. ते उपयोगाचे पुस्तक, पंचांगाशेजारी ठेवायचे. तरीही मराठीतली ही परंपरा लहान नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचे 'सूपशास्त्र' १८७५ सालचे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० सालचे. आणि १९७० साली आलेली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' तर लाखाच्या वर प्रती खपलेली. लग्नात नव्या मुलीला भांड्यांबरोबर द्यायची वस्तू. किती कादंबऱ्यांच्या वाट्याला हे भाग्य आले? माझ्या तर नाहीच नाही.

'रुचिरा'चे यश कशात आहे ह्याची चर्चा झाली की बहुतेक वेळा वाटी-चमच्याच्या प्रमाणाकडे बोट दाखवतात, आणि ते खरेच आहे. जुन्या पुस्तकांतली शेर-तोळ्यांची मापे मोठ्या घरांची, मोठ्या पंक्तींची होती. कमलाबाईंनी वाटी हाती घेतली आणि स्वयंपाकाचे माप घराएवढे केले. पुण्या-मुंबईला दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटलेल्या, आई आणि सासू दोघीही दूर असलेल्या मुलीला हे पुस्तक म्हणजे छापील वडीलधारे माणूसच झाले. 'अंदाजाने' ह्या शब्दाचा जाच त्यांनी पुष्कळसा संपवला. हे काम लहान नव्हे, आणि पुढे मंगला बर्व्यांच्या 'अन्नपूर्णा'सारखी जी पुस्तके घरोघर गेली ती ह्याच वाटेने गेली.

पण आईच्या हाती अंदाज होता तसे आणखी एक ज्ञान होते. ते वाटीने मोजता आले नाही, म्हणून छापलेही गेले नाही. कोण काय खात नाही, हे ते ज्ञान.

पाककृतीच्या डोक्यावर 'चार माणसांसाठी' असे लिहिलेले असते. मी कादंबरी लिहिणारी. 'चार माणसे' म्हटले की माझे कुतूहल जागे होते. कोण ही चार माणसे? त्यांना नावे नाहीत, वये नाहीत, नाती नाहीत. त्यांना भूक सारखीच लागते. ती कधी ताटातले काही बाजूला सारीत नाहीत. कांदा, लसूण, वांगे, कारले, मेथी, ओले खोबरे, कोथिंबीर, जे पुढे येईल ते मुकाट्याने खाऊन ही चार माणसे उठून जातात. अशी चार माणसे मी एका घरात एकत्र पाहिलेली नाहीत. एखाद्या कादंबरीकाराने अशी पात्रे रंगवली असती तर ह्याच मासिकाच्या परीक्षणात ती 'पुठ्ठ्याची' ठरली असती.

वाचक म्हणतील, पाककृतीच्या पुस्तकाने ह्या भानगडीत का पडावे? त्यावर माझे म्हणणे असे की, एका बाबतीत ती पडतातच. बहुतेक पुस्तकांत उपासाच्या पदार्थांचे वेगळे प्रकरण असते. कांदा-लसणाशिवायची आमटी, नैवेद्याची भाजी, चातुर्मासात चालणारे प्रकार ह्यांना मानाची जागा असते. म्हणजे, घरातले एखादे माणूस एखादी वस्तू खात नाही ही गोष्ट आमच्या लेखिकांना ठाऊक आहे. मात्र ते न खाणे व्रताचे असले पाहिजे. जिभेचे असून चालत नाही.

माझी आजी चातुर्मासात कांदा-लसूण आणि वांगे सोडत असे. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, आमच्या कऱ्हाडच्या घरात कांद्याचा उत्सव असे: भजी, थालिपीठे, भरले कांदे, कांद्याचे पिठले. दोन दिवसांनी एकादशी झाली की आजीचे पातेले वेगळे. तिची विळी वेगळी. कांदा परतलेल्या कढईचा वासही तिच्या आमटीला लागता कामा नये, म्हणून आधी तिचा स्वयंपाक, मग बाकीच्यांचा. आई हे चार महिने रोज दोन आमट्या करी. कार्तिकी एकादशीनंतर कांदा पुन्हा येई. वांगे मात्र आजी चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाल्यावरच तोंडात घाली. ह्या सगळ्याला कोणी कधी 'नखरे' म्हटल्याचे मला आठवत नाही. आईनेही नाही. तिला त्यात कष्ट होते, पण त्या कष्टांना घरात एक नाव होते, आणि नाव असलेले कष्ट माणूस वेगळ्या मनाने करतो.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, कोथिंबीर खात नसत. त्यांना तिचा वास सोसत नसे. 'साबणासारखी लागते,' असे ते सांगत, आणि घरातले सगळे हसत. ह्याला नाव होते: नखरे.

आता थोडे रचनेविषयी. पाककृती ही एक गोष्टच असते. तिला आरंभ असतो, मध्य असतो, शेवट असतो, आणि घटनांचा क्रम बदलला तर गोष्ट बिघडते. ह्या गोष्टीत कांदा पहिल्या प्रकरणात येतो. तेल तापले, मोहरी तडतडली, की कांदा. पुढचे सगळे त्याच्या अंगावर उभे राहते. चिरल्याबरोबर डोळ्यांतून पाणी काढणारा त्याचा गंधकी तिखटपणा मंद आचेवर निवत जातो, गोडी वर येते, रंग बदलतो, आणि रस्सा मिळून येतो तो त्याच्यामुळे. असा नायक काढून टाकायचा म्हणजे गोष्ट नव्याने लिहायची. म्हणूनच कांद्याशिवायचा स्वयंपाक ही आमच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली स्वतंत्र कला आहे. दाटपणासाठी दाण्याचे कूट, तीळ, खसखस, वासासाठी हिंग, गोडीसाठी गूळ आणि तिला तोलायला चिंच किंवा आमसूल, आणि ह्या सर्वांना एकत्र बांधणारा गोडा मसाला, ज्यात दगडफूल, भाजके खोबरे आणि धणे आहेत पण कांदा-लसूण नाही. ही आमटी खाताना कांदा नाही हे जाणवत नाही. नकारातून एवढी मोठी निर्मिती झालेली दुसरी उदाहरणे वाङ्मयातही मला चटकन आठवत नाहीत.

कोथिंबीर शेवटच्या ओळीत येते. ती उपसंहार आहे. ती गाळली तर गोष्टीचे काहीही बिघडत नाही. भाजीवाली ती पुष्कळदा पिशवीत वरून फुकट टाकते, ह्यातच तिचे रचनेतले स्थान स्पष्ट होते. भांड्यातून एक वाटी आधी काढली, मग कोथिंबीर घातली, की काम झाले. वेगळे पातेले नको, वेगळी विळी नको, चार महिने नकोत. अर्ध्या मिनिटाचा प्रश्न.

आणि तरीही, ज्या नकारासाठी रोज एक जास्तीची आमटी लागे त्याला घरात मान होता, आणि ज्याला अर्धे मिनिट पुरत होते त्याची कुचेष्टा होती. हे मला लहानपणी खटकले नाही. मीही हसणाऱ्यांतलीच होते.

हसण्याला एक सबळ कारणही होते. अण्णा कोथिंबिरीची चटणी खात. आई सकाळी पाट्यावर वाटून ठेवी, आणि दुपारी कचेरीतून जेवायला आले की ते ती भाकरीशी खात. पुन्हा मागून नव्हे, पण खात. आजीच्या हाती हा मोठाच पुरावा होता.

"चटणी खातोस ती कशाची असते रे?" ती विचारी.

अण्णा गप्प बसत. एकदा म्हणाले, "आई, ती वेगळी लागते."

"वेगळी लागते! पानं तीच, जुडी तीच. वेगळं काय ते तुझं डोकं."

ह्यावर त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. आपलीच जीभ आपल्याला साक्ष देत नाही अशा माणसाचा चेहरा मी तेव्हा पाहिला आहे, आणि पुढे दोन कादंबऱ्यांत तो वापरलाही आहे. पण तिथे मी तो लाचखोरीचा खोटा आळ आलेल्या माणसाला दिला. कोथिंबिरीसाठी कोणी असा चेहरा करील हे वाचकांना पटणार नाही, अशी मला भीती वाटली. अण्णा २००९ साली गेले.

२०१२ साली ह्या विषयावर दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. एका अमेरिकन अभ्यासात हजारो लोकांचे आनुवंशिक नमुने तपासून असे दिसले की, ज्यांना कोथिंबीर साबणासारखी लागते त्यांच्यापैकी अनेकांत वास ओळखणाऱ्या जनुकांच्या एका विशिष्ट जागी फरक असतो. ओआर६ए२ हे त्यांतले एक जनुक. कोथिंबिरीच्या पानांत अल्डिहाइड जातीची द्रव्ये असतात, त्यांच्याच जवळची द्रव्ये साबणात असतात, आणि काही किड्यांच्या वासातही. युरोपात तर ह्या पानाच्या वासाची तुलना जुन्या काळापासून ढेकणाशी करीत आले आहेत. टोरोंटोतल्या दुसऱ्या अभ्यासात निरनिराळ्या वंशांच्या तरुणांना विचारले, तेव्हा पूर्व आशियातल्यांत शेकडा २१, युरोपीय वंशाच्यांत १७ आणि आपल्या दक्षिण आशियातल्यांत ७ जणांनी कोथिंबीर आवडत नसल्याचे सांगितले. शंभरांत सात. माझ्या वर्गात साठ मुले असली तर चार. मी नीट सांगितले पाहिजे की, हे सगळे जन्माचेच असते असे त्या शास्त्रज्ञांचे म्हणणे नाही. जनुकाचा वाटा त्यांनी थोडाच धरला आहे, सवयीचा बराच. ज्या घरात रोज कोथिंबीर, तिथे नाक शरण जाण्याचा संभव अधिक. पण सगळीच नाके शरण जात नाहीत.

ह्याच वाचनात चटणीचा उलगडा झाला. कोथिंबीर चिरण्यापेक्षा वाटली म्हणजे पानांतलीच पाचकद्रव्ये मोकळी होतात आणि त्या साबणी वासाच्या द्रव्यांचे हळूहळू दुसऱ्या, वास नसलेल्या द्रव्यांत रूपांतर करतात. सकाळी पाट्यावर वाटलेली आणि दुपारी वाढलेली चटणी ही खरोखरच वेगळी वस्तू असते. पाने तीच, जुडी तीच; पण आजी चुकली होती. धण्यांचा वास तर मुळातच निराळ्या द्रव्याचा, म्हणून गोडा मसाला अण्णांना कधी बाधला नाही, आणि हाही त्यांच्याविरुद्धचा एक पुरावा म्हणून वापरला जात असे.

मी हे वाचले तेव्हा ज्यांना सांगायचे ती दोन्ही माणसे राहिली नव्हती.

पण हा लेख टीकेचा आहे. तेव्हा पुन्हा वाङ्मयाकडे वळते. मराठी भाषेला नावड माहीत नाही असे नाही. उलट, हा शब्द तिने पदार्थापेक्षा माणसासाठी अधिक वापरला. शिवामुठीच्या कहाणीतली नावडती सून पाहा: तिला उष्टे खायला, जाडेभरडे नेसायला, गुरांच्या गोठ्यात राहायला. 'नावडतीचे मीठ अळणी' ह्या म्हणीत तर सगळे शास्त्रच आले. मिठाचा दोष नाही. ज्या हाताने घातले त्याचा आहे. ही म्हण वाचली की कळते, आमच्या बायका 'मला हे आवडत नाही' ह्या वाक्याला इतक्या का बिचकतात. पानातली आमटी बाजूला सारली की ती आमटी सारली आहे की आपल्याला, हे त्यांना पटकन ठरवता येत नाही. अण्णांनी कोथिंबीर वेचायला घेतली की आईचा चेहरा उतरे, तो ह्यामुळे असावा. आणि खाणाऱ्याच्या बाजूनेही तेच. नावड सांगणे म्हणजे करणारीचा अपमान, म्हणून नावड सांगायची झाली तर तिला व्रताचे, वैद्याचे किंवा पित्ताचे कपडे घालावे लागतात. 'मला वांगे बाधते' असे सांगणाऱ्यांपैकी किती जणांना ते खरोखर बाधते, ह्याची मला नेहमीच शंका येत आलेली आहे.

आमच्या ललित वाङ्मयात खाण्याची आवड विपुल आहे. पु. ल. देशपांड्यांचे 'माझे खाद्यजीवन' कोण विसरेल? दुर्गा भागवतांनी 'खमंग' लिहून, एवढी मोठी विदुषीही चुलीपाशी रमते हे दाखवले. खाण्याचे प्रेम हा आपल्याकडे रसिकतेचा दाखलाच झाला आहे; ज्याला अमुक आवडत नाही तो अरसिक. नावडीविषयी कुणी आत्मीयतेने लिहिल्याचे मला आढळले नाही. एकच पुस्तक ह्या प्रश्नाच्या अगदी जवळ गेले आहे, आणि ते म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. तिच्या आरंभी लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचे जे वर्णन आहे ते वाचकांना आठवत असेल. १८५७च्या धामधुमीत आपल्या श्वशुरांना फाशी झालेली, त्या धक्क्यातून जडलेले हे सोवळे. घरात येणारी वस्तू धुऊन घ्यावी लागे, आणि सगळे घर त्या एका माणसाच्या विटाळाच्या भीतीभोवती फिरे. लक्ष्मीबाई ते हसत सांगतात, पण त्या हसण्याखाली बायका-मुलांची जी दमछाक आहे ती लपत नाही. एका माणसाचे 'हे मला चालत नाही' सगळ्या घराला किती महाग पडू शकते, हे मराठीत इतक्या स्वच्छपणे कोणी सांगितलेले नाही.

आणि इथे माझ्याच प्रतिपादनाला अडचण येते, ती टाळणे बरे नव्हे.

पाककृतीच्या पुस्तकांनी नावडींचे प्रकरण घातले असते, तर ते कोणाच्या मानेवर बसले असते? थोरल्याला कोथिंबीर नको, धाकट्याला कांदा दिसता कामा नये, मुलीला खोबरे दाताखाली येता कामा नये. आणि ओट्यापाशी एकच बाई. आजीच्या चातुर्मासाचे दोन हात आईचे होते. तेव्हा ती चार चेहरा नसलेली माणसे म्हणजे कदाचित लेखिकांनी वाचणाऱ्या बाईवर केलेली दया असेल: एवढे कर, सगळ्यांना एकच वाढ, आणि तूही बस. ही शक्यता मला खोडता येत नाही. कमलाबाईंना घरची माणसे ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? त्यांनी ती पुस्तकाबाहेर ठेवली, ह्यामागे शहाणपण असू शकते.

मात्र पुस्तक गप्प राहिले म्हणून घरातली ओढाताण थांबत नाही. ती चोरवाटेने चालू राहते. ही चोरवाट म्हणजे लपवणे. कांदा न खाणाऱ्या मुलासाठी तो किसून, गुलाबी परतून रश्श्यात विरवणे, दुधी थालिपिठात, पालक धिरड्यात दडवणे, आणि खाऊन झाल्यावर विजयाने सांगणे, "बघ, खाल्लास की नाही?" मी हे माझ्या मुलाच्या बाबतीत केलेले आहे. त्याने त्यानंतर कितीतरी दिवस प्रत्येक घास उघडून पाहिला. बोध लपवलेल्या कादंबरीचे असेच होते. एकदा दाताखाली आला की वाचक पुढचे प्रत्येक पान संशयाने उलटतो. फसवून पोटात गेलेला कांदा पोटाला चालत असेल, पण त्याची किंमत विश्वासातून वसूल होते. त्यापेक्षा भांड्यातून एक वाटी आधी काढून ठेवणे हे अधिक सरळ आहे, आणि कमी कष्टाचेही.

हे मी शिकले ते एका हस्तलिखितावरून. आईची एक वही आहे. दोनशे पानी, पुठ्ठ्याला खळीने कागद चिकटवलेला, कडांना तेलाचे डाग. त्यात पाककृती आहेत त्या छापील पुस्तकांतून किंवा शेजारणींकडून उतरवलेल्या. भाषा तीच, शेवटची ओळ तीच. पण जवळजवळ प्रत्येक कृतीत, त्या शेवटच्या ओळीच्या आधी, दुसऱ्या शाईने मध्येच घुसवलेले तीन शब्द आहेत: 'ह्यांचे आधी काढणे.' मटारच्या उसळीत आहेत, कटाच्या आमटीत आहेत, पोह्यांत आहेत. चारचौघांत अण्णांच्या नखऱ्यांना हसणारी माझी आई वहीत ते शब्द निमूटपणे लिहीत गेली होती. कुठे 'सासूबाईंस कांद्याविना, पाहा पान अमुक' असे आहे. कुठे माझ्या नावाचे आद्याक्षर आणि पुढे 'तिखट निम्मे'. काकांचे आहे, आत्याचे आहे, आमच्याकडे दोन वर्षे शिकायला राहिलेल्या मामेभावाचे आहे. छापील पुस्तकाची चार पुठ्ठ्याची माणसे ह्या वहीत येऊन हाडामांसाची झाली आहेत. वाङ्मयीन निकष लावायचा तर मी ह्या वहीला 'रुचिरा'च्या वर ठेवीन. आणि स्वयंपाक शिकायचा झाला तर मात्र 'रुचिरा'च घेईन, कारण वहीत मिठाचे प्रमाण कुठेच नाही.

कोथिंबिरीच्या वडीचे पानही तिच्यात आहे. त्या पानाला डाग कमी आहेत. अण्णा कामानिमित्त बाहेरगावी गेले की आई ह्या वड्या करी, आणि खिडकीपाशी बसून, पान न मांडता, ताटलीतून खात असे. तिला कोथिंबीर फार आवडे हे मला ते पान पाहिल्यावर उमगले. सगळी वही मी दोनदा चाळली; सगळ्यांच्या आवडी-नावडी आहेत, तिची एकही नाही. मी तिला विचारले, "तुला काय आवडत नाही गं?" तिने जरा वेळ घेतला. मग म्हणाली, "मला सगळं चालतं." हे 'चालतं' क्रियापद मराठीतल्या बायकांनी किती झिजवले आहे, ह्यावर एखाद्या अभ्यासकाने स्वतंत्र लेख लिहायला हवा. माझी तेवढी तयारी नाही.

आता शाळेचे सांगते आणि थांबते. शाळेत दुपारी मुलांना खिचडी असते. तिसरीतला एक मुलगा खिचडी पुढ्यात घेऊन कोथिंबिरीचे एकेक पान वेचून ताटाच्या कडेला लावीत बसे. सगळ्यांचे होई, पंगत उठे, हा आपला वेचतोच आहे. एक दिवस मी त्याच्यावर ओरडले. 'घरी हे नखरे चालतात का?' हाच शब्द माझ्या तोंडून निघाला. मुलाने मान खाली घातली आणि राहिलेली खिचडी पानांसकट भराभरा गिळली. त्याचा चेहरा मला ओळखीचा होता. हे सगळे वाचून, वही चाळून, लेखाचा कच्चा खर्डा मांडून झालेल्या बाईने हे केले, म्हणून लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी मी खिचडी करणाऱ्या ताईंकडे गेले आणि म्हटले, "कोथिंबीर घालायच्या आधी एक वाटी काढून ठेवाल का?"

"एकासाठी, बाई?"

"एकासाठीच."

त्यांनी पातेल्यात वाकून पाहिले, हातातली चिरलेली कोथिंबीर पुन्हा ताटात ठेवली, आणि म्हणाल्या, "मग दोन वाट्या काढते. मलाबी नाही आवडत."

मुलाला त्याची वाटी मिळाली. तो बराच वेळ तिच्याकडे बघत बसला, आणि मग एकेक वाटाणा वेचून कडेला लावू लागला.